हँडलवरचं होकायंत्र

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज नातवाच्या सायकलला तेल घातलं आणि त्या वासाने ऐंशीच्या दशकातली बोरीवलीची गच्ची परत आली. कोवळं ऊन, फडफडणारा नकाशा, आणि त्यावर वाकलेला माझा मित्र सुधा. त्याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही सायकलने कोकणात निघालो होतो.

"नकाशा पुरे रे," तो म्हणाला.

"होकायंत्राशिवाय वाट लागेल," म्हणत मी ते लोखंडी हँडलला बांधलं. सुई पाण्यावरच्या पानासारखी डोलत राहिली.

लोखंडाजवळ सुई फसते, हे नंतर कळलं. फाट्यावर सुधाचा नकाशा सोडून मी सुईचंच ऐकलं आणि वाट चुकली. पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं.

"सुध्याला नकाशा कळत नाही," मी मांडवात सांगितलं. त्याने बहिणीकडे बघत नकाशाची घडी घातली.

आता सुधा नाही. सुध्या, नकाशा बरोबर होता. माफ कर, एवढंच म्हणायचं होतं.