बाबांना सगळं आठवत होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दादाला नाही, देवासमोर हात जोडतानाही मनातल्या मनात ही जागा मी गाळूनच पुढे जाते. तुम्हाला सांगते आहे. आता तोंड उघडलंच आहे तर शेवटपर्यंत बोलणार, मधे रडणार नाही — रडले की लोक समजूत काढतात, आणि ती मला नको आहे.

मी कारंज्याला कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. पोट्टे मला ‘पिक्चरवाली मॅडम’ म्हणतात. मेंदूच्या आजारांचा धडा आला की वर्ग पेंगायचा, म्हणून मी शनिवारी प्रोजेक्टर लावून सिनेमांचे तुकडे दाखवायला लागले. हिरोच्या डोक्यावर फटका बसतो, आठवण जाते. दुसरा फटका बसतो, आठवण परत येते — असलं काही आलं की मी थांबवायची आणि म्हणायची, सांगा, इथे काय खोटं आहे? वर्ग हसायचा. मग मी चांगला सिनेमा लावायची. म्हातारा बाप आरामखुर्चीत बसलाय, मुलगी चहा घेऊन येते, तो विचारतो, तू कोण? मुली डोळे पुसायच्या, मी पण. आणि मी सांगायची, पोरांनो, हे खरं. मेंदू बिघडतो तो असा. पुढे त्याचं एक वाक्यच करून टाकलं मी — आठवण शाबूत तर मेंदू शाबूत. परीक्षेत पोरं ते लिहायची आणि मी मार्क द्यायची.

फटक्याच्या सिनेमांनी मला कधीच फसवलं नाही हो. ज्याला मी खरं म्हणत होते त्यानंच फसवलं.

बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर तळेगावला घर, दारात जास्वंद, सकाळी पेपर. आयुष्यभर शांत माणूस. गाडीत भांडण झालं तर दोघांनाही ‘बसा भाऊ’ म्हणणारे. तेच बाबा एकाएकी शिव्या द्यायला लागले. गोड दिसलं की हावरटासारखे तुटून पडायचे. शेजारच्या सुनेला तिच्या सासऱ्यासमोर वाट्टेल ते बोलून बसले. आई पडली, तिचा हात मोडला, तर बाबा तिला ओलांडून आत गेले आणि साखरेचा डबा उघडून बसले.

आई मला म्हणाली, “वंदा, तुह्ये बाबा असे नव्हते व. एक डाव सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊन पाहू.”

आणि मी काय केलं? परीक्षा घेतली! सिनेमातला डॉक्टर घेतो तशीच. आज वार कोणता, नातवाचं नाव काय, तुमचं लग्न कुठे झालं. सगळं बरोबर. मग माझीच अक्कल पाजळली — वर्ध्यापासून आष्टीपर्यंतचे थांबे सांगा म्हटलं. आंजी, खरांगणा, आर्वी, तळेगाव... मधली फाट्यावरची खेडीसुद्धा सोडली नाहीत. उलटे सांगा म्हटलं, तर उलटेही सांगितले, न अडखळता. मी आईकडे वळून म्हटलं, पाहिलंस? मेंदूला काही झालेलं नाही. नाटकं आहेत सगळी. तू लाडावून ठेवलंय. हे मी शिकवते, आई, मला कळतं.

आई त्यानंतरही बोलली. कितीदा तरी. स्वयंपाक करता करता, फोनवर, मी परत निघाले की फाटकाशी उभी राहून. दर वेळी मी तेच म्हटलं, आणि दर वेळी आवाज थोडा चढवून म्हटलं. शेवटी ती बोलायची थांबली.

मग मोठ्या काकांची तेरवी झाली. आमच्याच अंगणात पंगत. सख्ख्या भावाच्या तेरवीत बाबा मोठ्यानं हसले, आणि शेजारच्या पाव्हण्याच्या पानातला बुंदीचा लाडू उचलून तोंडात घातला. मी गेले, त्यांचं मनगट धरलं, लहान पोराला ओढावं तसं ओढत आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. लाज वाटत नाही का, असं म्हटलं — बापाला. ते आतून दार वाजवत नव्हते. थांबे पुकारत होते. “खरांगणा... चला, खरांगणावाले उतरा.” लोक मान खाली घालून जेवत होते. आई पाण्याचा जग हातात धरून त्या दाराकडे बघत उभी होती. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, उघडशील तर बघ.

कडी मी संध्याकाळी काढली. कपडे ओले झाले होते त्यांचे.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही. अजून यायचाय.

बाजारात बाबांनी एका दुकानदाराला मारलं, तेव्हा दादा पुण्याहून आला आणि आम्ही सगळे त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, मेंदूचा पुढचा भाग सुकत चाललाय. यात आठवण बराच काळ टिकते, आधी माणसाचा स्वभाव जातो. मग त्यांनी विचारलं, असं कधीपासून वागतात?

आईनं तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. आणि मी पटकन म्हणाले, “पाच-सहा महिने झाले असतील.”

दोन वर्षं झाली होती!

बाहेर आलो तर दादा आईवरच भडकला. “तू रात्रंदिवस त्यायच्यासंग राह्यते, अन् तुले काऊन नाई समजलं?” आई पदर सारखा करत म्हणाली, “नाई समजलं रे बाप्पा. अडाणी बाई मी.” आणि मी? मानसशास्त्राची मॅडम? मी पर्सची चेन उघडत होते, लावत होते. एवढंच केलं मी.

लवकर आणलं असतं तरी बाबा बरे झाले नसते, हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. ते वाक्य मी बरेच दिवस उशाशी घेऊन झोपले. पण खरं सांगू? ते काही कामाचं नाही. प्रश्न औषधाचा होताच कधी? दोन वर्षं त्यांनी माझे बोल खाल्ले नसते. ती कडी लागली नसती. आणि आई —

आई आजही येईल त्याला सांगते, “मलेच समजलं नाई.” बाबा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्या एकेका बाईला सांगितलं. भाजी निवडताना आपल्याशीच म्हणते. आधी मला वाटायचं, ती मला पाठीशी घालते आहे. आता भीती वाटते — तिला खरंच तसं वाटायला लागलंय की काय? माझं खोटं तिनं इतके दिवस वाहिलं की ते तिचंच झालं?

गेल्या शनिवारी वर्ग सुटल्यावर एक मुलगी थांबली. म्हणाली, मॅडम, आमचे आबा घाण घाण शिव्या देतात, पण आठवते त्यायले सगळं. म्हणजे मेंदू ठीकच आहे ना? माझंच वाक्य, माझ्याच आवाजात — बाबांचं कळल्यावरही वर्गात मी ते खोडलं नव्हतं. मी म्हटलं, नाही, ते वाक्य चुकीचं आहे, आबांना उद्याच दवाखान्यात घेऊन जा. तिनं विचारलं, तुम्हाले कसं माहीत? मी म्हणाले, वाचलं कुठंतरी.

घरी आले. म्हटलं, बस. आता पुरे.

येत्या शनिवारी प्रोजेक्टर लावणार नाही. वर्गाला आधी ते वाक्य खोडायला सांगेन, मग ते कुणामुळे खोडतोय ते सांगेन. रविवारी तळेगावला बाबांचं वर्षश्राद्ध आहे. दादा येणार, काकू येणार, त्या तेरवीच्या पंगतीतले सगळे येणार, आणि त्याच अंगणात बसणार. कुणीतरी बाबांचा विषय काढेल. आई पाण्याचा जग खाली ठेवेल आणि म्हणेल, “मलेच...”

तिथेच मी तिला थांबवणार आहे. सगळ्यांसमोर सांगणार आहे — तिला समजलं होतं. तिनं मला सांगितलं होतं.