राजधानी विचारणारे डॉक्टर

दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी, आषाढात, अमरावतीच्या मेंदूवाल्या डॉक्टरांनी भातकुलीच्या सखूबाई माळिणीचे हार करणे बंद केले.

मी तेव्हा अमरावतीच्या एका साप्ताहिकात होतो. डॉक्टरांचा दवाखाना बाजाराजवळ होता. टेबलावर प्लास्टरचे डोके असे. त्याचे झाकण उचलले की आत रंगवलेला मेंदू दिसे. रोग्याला बसा म्हणण्याआधी ते हे झाकण उचलत. पदवी कुठली, हे मी दोनदा विचारले. पहिल्यांदा कलकत्ता म्हणाले, दुसऱ्यांदा लाहोर.

म्हाताऱ्या माणसांची परीक्षा ते एकाच प्रश्नाने घेत: "आपल्या प्रांताची राजधानी कोणती?" ज्या बायका भातकुलीहून अमरावतीच्या बाजारापलीकडे कधी गेल्या नव्हत्या, त्या "उमरावती" म्हणत. राजधानी तेव्हा नागपूर होती; डॉक्टर वहीत ‘स्मृतिनाश’ लिहीत. आज तिथी कोणती, हे त्यांनी कधी विचारले नाही. ते बहुतेकींना आले असते. मग औषध सुरू होई आणि कंपाउंडर रोज उत्तर घोकून घेई. त्यांचे रोगी असे बरे होत.

सखूबाईला मात्र खरेच विसर पडू लागला होता. ती घरची वाट चुके. सून गंगू हिला कधी बहीण समजे, कधी ओळखतच नसे. झेंडू पुढे ठेवला की बोटे आपोआप चालत आणि हार पूर्वीसारखाच घट्ट होई. तिने आपल्याला पुन्हा नावाने हाक मारावी, एवढ्यासाठी गंगूने तिला दवाखान्यात आणले.

"हातांचे काम मेंदूतले रक्त ओढून घेते," डॉक्टर म्हणाले. "चार महिने हात स्वस्थ ठेवा. म्हातारपण थांबत नाही. विसरणे मी थांबवतो." शेवटचे वाक्य ते आमच्या साप्ताहिकातल्या जाहिरातीतही घालत. गंगूने फुलांच्या टोपल्या शेजारणीकडे ठेवल्या.

मी सरकारी इस्पितळातल्या एका डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "या आजारात मेंदू आकसत जातो. औषध आज नाही, पुढे निघेल का ते सांगता येत नाही. हातांची सवय उशिरा जाते. ती काढून घेऊ नका." मी हे गंगूला सांगितले. औषध नाही म्हणणाऱ्यावर तिचा विश्वास बसला नाही.

कार्तिकात मेंदूवाल्या डॉक्टरांनी सखूबाईला दवाखान्यात जमलेल्या लोकांपुढे बसवले.

"राजधानी?"

"नागपूर."

लोक माना डोलावू लागले. डॉक्टरांनी ‘पूर्ण आराम’ लिहिलेल्या कागदावर तिचा अंगठा घेतला. गंगू पुढे झाली.

"आत्याबाई, मी कोन?"

"नागपूर."

"डाक्तर, मले त वयखत नाई थे. मंग बरी काय झाली?"

"आधी प्रांत येतो बाई," डॉक्टर म्हणाले, "मग घर."

गंगूने त्याच दिवशी घरी झेंडू पुढे ठेवला. सखूबाईने एक फूल उचलले, पाहिले आणि खाली ठेवले. दोरा कुठे धरायचा हे बोटांना कळत नव्हते. हे आजाराने झाले की विश्रांतीने, सांगता येणार नाही. गंगू रोज फुले ठेवत राहिली.

सखूबाई माघात वारली. फाल्गुनात डॉक्टर प्लास्टरचे डोके मांडीवर घेऊन टांग्याने स्टेशनवर गेले आणि त्यांनी अकोल्यात दवाखाना उघडला. सखूबाईच्या अंगठ्याची ‘पूर्ण आराम’वाली जाहिरात आमच्या साप्ताहिकात चैत्रापर्यंत छापली जात होती.