धुलाईघरातल्या मावशीचा नावडता सिनेमा

पहिल्या भेटीत मावशीने माझी कॉलर हुंगली. पोलिसांचं कुत्रंही इतक्या निष्ठेने हुंगत नसेल. मी शाळेत नवा मास्तर, आवार ओलांडत होतो. तेवढ्यात धुलाईघरातून दाराएवढी, वाफेने लालबुंद झालेली बाई निघाली. तिने मला मानगूट धरून उजेडाकडे वळवलं आणि निकाल दिला, "शी. परवाचाच शर्ट." त्या एका 'शी'त माझं शिक्षण, संस्कार आणि सात पिढ्या निकालात निघाल्या. सासूबाईंना याच कामाला दोन वर्षं लागली होती.

शाळा फादर आणि सिस्टर लोकांची. त्यांचे झगे धुणं, खळ घालणं, इस्त्री करणं हे मावशीचं काम. खाली धुलाईघर, वर तिची खोली. नवरा गेल्यापासून तिचं सगळं जग या दोन मजल्यांत होतं आणि त्या जगाबाहेरच्या बहुतेक गोष्टींची तिला किळस होती. दुसऱ्याचे रुमाल, ओले हात झटकणारी माणसं, पेल्याच्या कडेवरची लिपस्टिक. पण सगळ्यांत जास्त किळस एका सिनेमाची.

तो हॉलिवूडचा जुना सिनेमा शाळेच्या वाढदिवसाला दर वर्षी दाखवत. त्यात फादर आणि सिस्टर मिळून एक पडकी शाळा चालवतात. जमीनमालक ती पाडायला मजूर घेऊन येतो, मुलांचं गाणं ऐकून ढसाढसा रडतो आणि त्याच मजुरांकडून छप्पर दुरुस्त करून घेतो. सगळी शाळा डोळे पुसायची. मावशी नाक मुरडायची.

"बघा सर, ती सिस्टर चिखलात फुटबॉल खेळतेय. आता पुढच्या सीनला झगा बघा. बगळ्यासारखा. धुतला कुणी? सगळ्या सिनेमात एक बादली दिसत नाही. शी."

एके वर्षी आमच्याच जमीनमालकाने जागा परत मागितली. शाळा गेली की धुलाईघर जाणार, खोलीही जाणार. मोठे फादर देवमाणूस, म्हणजे व्यवहाराला शून्य. ते म्हणाले, "आपण त्यांना सिनेमा दाखवू."

"फादर, त्यातला म्हातारा मालक पगार घेऊन रडतो," मावशी म्हणाली. "हा फुकट कशाला रडेल?"

"मावशी, श्रद्धा ठेवा."

"श्रद्धा ठेवते. खुर्चीवर पांढरा अभ्रा पण घालते. बघू कशाचा उपयोग होतो ते."

मालक आला. पहिल्या रांगेत, कडक खळीच्या अभ्र्यावर बसला. आणि खरंच रडला, अगदी हुंदके देऊन. मोठ्या फादरांनी अंधारात माझा हात इतका दाबला की बोटं बधिर झाली. शेवटी मालकाने रुमाल शोधला, सापडला नाही, तेव्हा मागे वळून खुर्चीचा अभ्रा ओढला आणि त्यात तुतारी फुंकल्यासारखं नाक शिंकरलं.

"शी," मागून आवाज आला. त्या रात्री त्यात जीव नव्हता. मावशीलाही आशा वाटायला लागली होती, हे मला तेव्हा कळलं.

दिवे लागले. मालक फादरांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "डोळे उघडले हो माझे. मी उगाच मनाला लावून घेत होतो, यांना बाहेर कसं काढू म्हणून. पण तुमच्यासारखी माणसं काय, झाडाखालीसुद्धा शाळा काढतील. इमारतीवाचून तुमचं काही अडत नाही."

फादर "हो, पण" एवढंच म्हणत राहिले. तोपर्यंत तो गाडीत बसलाही होता, हलक्या मनाने.

मावशीने तो अभ्रा दोन बोटांत धरून उचलला. "सर, हा मी धुणार नाही," म्हणाली आणि कचऱ्यात टाकला. इतक्या वर्षांत तिने टाकलेलं ते पहिलं कापड.

वर्ष संपल्यावर शाळा बंद झाली. झाड कुणी दिलं नाही. त्या जागेवर आता गाड्या उभ्या करतात. मावशी लेकीकडे राहते. तिथे कपडे धुवायचं मशीन आहे आणि जावई तिला त्याला हात लावू देत नाही.