तिची जागा

गाण्याच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात मी चहा घेत असताना मागे दोन मुली माझ्या मैत्रिणीबद्दल बोलत होत्या. एका पायात लाल आणि दुसऱ्यात निळी चप्पल घालून स्वतःचीच गाणी गाणाऱ्या तिच्याबद्दल.

"उंबऱ्याच्या गाण्यात ती मध्येच गप्प होते ना, काय जागा आहे ती!"

"काटा येतो गं अंगावर."

माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? ते गाणं तिनं पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात म्हटलं, तेव्हा तिथे ती चक्क शब्द विसरली होती. आदल्या दिवशी तिनं ते मला वाचून दाखवलं होतं, म्हणून मेथी निवडता निवडता तो शब्द मीच सांगितला होता. लोकांना तिचं विसरणं आवडलं. माझं आठवणीत ठेवणं कुणाला ठाऊक?

मध्यंतरानंतर तिनं तेच गाणं घेतलं आणि तिथेच थांबली. सवयीनं माझ्या तोंडून तो शब्द निसटला.

"श्शू!" शेजारच्या बाई फिस्कारल्या, "जागा घालवलीत हो!"