चोवीस बाटल्या माइल्ड

तारीख सात डिसेंबर, शनिवार. रक्कम चार हजार पाचशे साठ रुपये. साडेसहाशे मिलिलिटरच्या चोवीस बाटल्या, दर बाटलीला एकशे नव्वद. हजर तिघं: मी, दुकानाचा मालक आणि माझा मेहुणा. मेहुणा दुकानापासून दोन गाळे पुढे गाडीत काचा वर करून मान खाली घालून बसला होता, पण गाडी त्याची असल्यामुळे त्याला हजर धरतो.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. त्याचं घराणं चार पिढ्या म्हैसूरमध्ये आहे. घरात मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये कधी शिरतं ते त्यांनाही कळत नाही. मी साताऱ्याकडचा, नोकरीसाठी बावीस वर्षांपूर्वी इथे आलो आणि त्याच वर्षी या घरचा जावई झालो. या घरात बिअर पितो असं उघड माहीत असलेला माणूस मी एकटा. उघड म्हणजे सासूबाई सोडून सगळ्यांना. सासूबाईंना माहीत नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं.

माझी आवड साधी आहे, आणि त्याचाच त्रास आहे. मला माइल्ड लागते. लागर, मोठी बाटली, भरल्याची तारीख चार महिन्यांच्या आतली, सात अंश तापमान, काचेचा ग्लास आणि वर दोन बोटं फेस. आठवड्याला एक बाटली, शनिवारी. मी एका डेअरीत दुधाची तपासणी करतो. जिभेवर आणि थर्मामीटरवरच माझं पोट आहे. त्यामुळे लोक याला माझा चोखंदळपणा म्हणतात तेव्हा राग येतो. दूध नासकं आहे की नाही हे विचारताना माझ्या जिभेवर विश्वास ठेवतात, बिअरच्या वेळी मात्र म्हणतात, अहो सगळी सारखीच.

सारखी नाही. स्ट्राँग बिअरला जुन्या गुळाच्या ढेपेसारखा गोडसर वास असतो आणि मागाहून घशाला स्पिरिट लागतं. पण या शहरात कुठल्याही दुकानाच्या खिडकीशी उभं राहा, आतून उत्तर ठरलेलं असतं: माइल्ड इल्ला सार, स्ट्राँग मात्र इदे. माइल्ड नाही, फक्त स्ट्राँग. का नाही, तर खपत नाही. का खपत नाही, तर ठेवत नाही. पैसे तेच, मग कमी चढणारी कशाला घ्यायची, असं एका दुकानदाराने मला समजावून सांगितलं होतं, जणू मी भाजीच्या दुकानात मुद्दाम लहान कोबी मागत होतो. नव्या ब्रूअरींतही जाऊन पाहिलं. ऑफिसातल्या पोरांनी आग्रहाने गव्हाची बिअर पाजली. तिला पिकल्या केळ्याची आणि लवंगेची चव होती. सत्यनारायणाचा प्रसाद पातळ करून दिल्यासारखी. तिच्यात संत्र्याची चकती टाकली होती. मी चकती काढून बशीत ठेवली तर त्यांच्यातली एक पोरगी म्हणाली, सर, ती फ्लेवरसाठी आहे. मी म्हटलं, म्हणूनच काढली. शेवटी कुवेंपुनगरातल्या माझ्या घराजवळचा एक दुकानदार माझ्यासाठी माइल्डच्या बाटल्या वेगळ्या ठेवू लागला. त्याच्याकडूनच या चोवीस घेतल्या.

घ्यायचं कारण असं. मेहुण्याच्या मुलीचं लग्न कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, मुलाशी ठरलं. आठ तारखेला, रविवारी, विराजपेठहून त्याच्या घरचे चौदा जण साखरपुड्याची बोलणी करायला मेहुण्याच्या चामुंडीपुरमच्या घरी येणार होते. त्यांच्याकडे पाहुणा आला की त्याच्यासमोर पेय ठेवणं हा मान असतो, आणि मुलाची आजी, वय ऐंशीच्या पुढे, घर कसं आहे हे त्यावरून जोखते, असं मुलाने सांगितलं होतं. मांसाहार होणार नाही हे त्यांनी हसत मान्य केलं. पेयाचा विषय त्यांनी काढला नाही. तो भाचीने काढला. आपल्या बापापुढे नाही, माझ्यापुढे. मी तिचा आतोबा. तिला वाटलं, या खात्याचा माणूस हाच.

"आतोबा, ते लोक काही मागणार नाहीत," ती म्हणाली. "पण आपण लपवाछपवी केली तर त्यांना वाटेल, आम्हाला खालचं समजतात. आणि तो कमीपणा तुमच्या नावावर कुणी लक्षात ठेवणार नाही, माझ्या ठेवतील. मला त्या घरात राहायचंय. पहिल्या दिवसापासून माझ्याकडे तसं बघायला नको."

मुलगी शहाणी आहे. मी तिच्या बापाशी बोललो. तो लगेच हो म्हणाला, आणि मग दहा दिवस त्या होकाराला खिंडारं पाडत बसला. प्यायला देऊ, पण गच्चीवर. गच्चीवर, पण चारी बाजूंनी पडदा बांधून. बाटल्या कुणाच्या नजरेला पडायला नकोत, म्हणून आधीच ओतून. आणि ओतायचं कशात, तर घरातल्या कॉफीच्या स्टीलच्या पेल्यांत, म्हणजे आईने वर पाहिलं तरी तिला वाटेल कॉफी आहे.

बावीस वर्षं मी या घरात दिवाळीला आणि दसऱ्याला बिअर त्याच स्टीलच्या पेल्यातून प्यालो आहे, कारण काच दिसते. स्टीलमध्ये फेस दिसत नाही, रंग दिसत नाही, आणि ओठाला आधी पेला लागतो, बिअर नंतर. मी पुष्कळ वाद घातला. तापमानाचा मुद्दा काढला, स्टीलमध्ये ती किती लवकर कोमट होते ते घड्याळ लावून दाखवलं.

"अय्यो दाजी, सुम्ने उगाच वाद नको," मेहुणा म्हणाला. "एक दिवस. मत्ते काय, नंतर तुम्ही रोज प्या काचेतनं."

मी रोज पीत नाही, शनिवारी पितो, हे त्याला पुन्हा सांगावं लागलं.

हिशेब माझ्याकडे होता. पाहुणे चौदा, त्यांत पुरुष सात. माणशी तीन बाटल्या, एकवीस. तीन माझ्या. घरात किती बाटल्या ठेवायला परवानगी आहे तेही मी विचारून घेतलं, आकडा त्याच्या आत होता. शनिवारी रात्रभर बाटल्या माझ्या फ्रीजमध्ये राहिल्या, त्यासाठी बायकोने इडलीचं पीठ शेजारणीकडे ठेवलं आणि आठवडाभर ते मला ऐकवलं. रविवारी सकाळी बर्फाचे टब गच्चीवर चढवले. माझा काचेचा एक ग्लास मी टॉवेलमध्ये गुंडाळून स्वतःसाठी नेला. सगळ्यांनी पेल्यातून प्यावी, मी पडद्याआड काचेतून पिणार होतो. हे मी कुणाला सांगितलं नाही.

पाहुणे अकराला आले. बोलणी तासाभरात झाली. दोन्हीकडची माणसं समजूतदार होती. मग मेहुण्याने घसा खाकरला आणि पुरुषांनी जरा वर यावं, गच्चीवर हवा चांगली आहे, असं सुचवलं. डिसेंबरात बारा वाजता. पुरुष उठले. बायका खाली राहिल्या. त्यांच्यासाठी माझ्या मेहुण्याच्या बायकोने गूळ-लिंबाचं पानक केलं होतं. आजी सोफ्याच्या कडेला ताठ बसल्या होत्या. त्यांच्या समोरच्या खुर्चीत सासूबाई. दोघी जवळपास एका वयाच्या.

वर मी ओतायला लागलो. सात पेले, आठ अंश. बर्फ कमी आणलेला होता, तो माझा दोष नाही. मुलाच्या वडिलांनी पेला हातात घेतला, आत वाकून पाहिलं आणि कन्नडमध्ये विचारलं, ही कॉफी आहे का? सगळे हसले. मेहुणा सगळ्यांत मोठ्याने हसला. मग त्यांनी सहज विचारलं, आणि अम्माला खाली काय दिलंत?

"पानक," मेहुणा म्हणाला. "फ्रेश. गुळाचं."

मुलाच्या वडिलांनी पेला पुन्हा टेबलावर ठेवला. रागाने नाही, फोन घ्यायचा असेल तसा. म्हणाले, आमच्यात थोरल्याच्या आधी आम्ही घेत नाही, आणि आमच्यात थोरल्या त्या आहेत. बाकीच्या सहा जणांनीही पेले खाली ठेवले. त्यांनी काही मागितलं नाही, ते पडद्याच्या फटीतून दिसणाऱ्या डोंगराबद्दल बोलू लागले. जिन्याच्या वरच्या पायरीवर भाची शेवेची बशी घेऊन उभी होती. तिने आत पाहिलं, टेबलावरचे भरलेले सात पेले पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

मी त्या क्षणी काय करत होतो, ते प्रामाणिकपणे लिहितो. मी पेल्यात थर्मामीटर घातला होता. अकरा अंश. आणि मग माझ्या डोक्यात आलं की दहा दिवस मी स्टीलवर भांडलो, बर्फावर भांडलो, आणि चौदा पाहुण्यांतून सात वजा करताना एकदाही थांबलो नाही. ती वजाबाकी मेहुण्याने केली नव्हती.

त्याने मला कोपऱ्यात ओढलं. आईसमोर कसं द्यायचं, असं तो सारखं म्हणत होता. वय वर्षं चौपन्न. मी टबाच्या तळातली सगळ्यांत गार बाटली काढली, पुसली, टॉवेलमधून माझा ग्लास काढला आणि खाली गेलो. भाची माझ्या मागे आली.

बसायच्या खोलीत मी आजींच्या समोरच्या तिवईवर ग्लास ठेवला, बाटली उघडली आणि, उशीर झाला, माफ करा, असं माझ्या साताऱ्याच्या कन्नडमध्ये म्हणालो. पानकाचा पेला त्यांच्या बाजूला तसाच भरलेला होता. त्यांनी बाटली मागितली. लेबल डोळ्यांजवळ नेलं. स्ट्राँग की माइल्ड, त्यांनी विचारलं. माइल्ड, मी म्हणालो.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "स्ट्राँग घाईत असलेल्यांची."

या शहरात बावीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी ग्लास तिरपा धरून ओतली. फेस दोन बोटं आला. त्यांनी एक घोट घेतला, ओठ पुसले, आणि फारच गार नाही हे चांगलं, असं म्हणाल्या. बर्फ कमी पडल्याचं मी सांगितलं नाही.

मी सासूबाईंकडे पाहायचं टाळत होतो. जिन्यावर मेहुणा अर्ध्या पायऱ्या उतरून थांबला होता. सासूबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वरच्या पडद्याच्या दिशेने, मग माझ्याकडे.

"तेवढ्यासाठी पडदा बांधलाय होय वर?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं माकडं येतात म्हणून."

मेहुणा काहीतरी पुटपुटला.

"तू गप रे. बावीस वर्षं यांचा पेला मी घासत्ये. कॉफीला असला वास येतो का? घरी आलेल्या बाईला पानक देऊन वर बसलात सगळे. मला विचारायचं होतं की."

मग त्यांनी कन्नडमध्ये आजींची माफी मागितली, स्वतः उठून निप्पट्टूची, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तिखट वड्यांची, बशी आणली आणि बिअरच्या ग्लासाशेजारी ठेवली. आजींनी त्यांना, थोडी घेणार का, असं विचारलं. बेड, बेड, नको, म्हणून त्यांनी हात हलवला, पण खुर्ची जवळ ओढून घेतली. आजींनी भाचीला खुणेने बोलावून आपल्या शेजारी बसवलं आणि बशीतला पहिला निप्पट्टू तिच्या हातात दिला. भाचीने तो खाल्ला नाही. नुसता हातात धरून बसली, आणि माझ्याकडे पाहून लांबूनच मान डोलावली.

त्यानंतर गच्चीवरचा पडदा कुणीतरी काढून टाकला. पुरुष खाली आले. आजींच्या मागोमाग त्यांच्या दोन सुनांनीही घेतली. मेहुणा माणूस बदलल्यासारखा बाटल्या उघडत फिरत होता आणि जो भेटेल त्याला, दाजींची निवड, माइल्ड, असं सांगत होता. तीन वाजता बाटल्या संपल्या. मोजल्या. सात पुरुष, प्रत्येकी तीन: एकवीस. माझा अंदाज पुरुषांपुरता एका थेंबानेही चुकला नव्हता. उरलेल्या तीन, ज्या माझ्या होत्या, त्या तीन बायका प्याल्या. मी आजींचं न प्यालेलं पानक प्यालो. ते जास्त गोड होतं.

पाहुणे गेल्यावर मेहुणा खर्च निम्मा-निम्मा करू म्हणाला. मी होकार देणार तेवढ्यात सासूबाईंनी मला आत बोलावलं. कपाटातून पैसे काढून त्यांनी किती झाले विचारलं. मी आढेवेढे घेतले. त्या म्हणाल्या, माझ्या घरचे पाहुणे, पैसे माझे, आकडा सांगा. मी सांगितला. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि वर आणखी दोनशे ठेवले.

"तुम्हाला मिळाली नाही ना," त्या म्हणाल्या. "एक तुमची. आणि पुढच्या वेळी तो काचेचा ग्लास इथेच ठेवा, टॉवेलात आणू नका."

म्हणजे एकूण हिशेब असा: दुकानदाराला मी दिले चार हजार पाचशे साठ. मला सासूबाईंनी दिले चार हजार सातशे साठ. बाटली एकशे नव्वदची, म्हणून दहा रुपये मी त्यांना परत केले. त्यांनी ते घेतले.