लाइन चालू होती

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि लष्करी चौकशीला, कोर्ट ऑफ इन्क्वायरीला, तर नाहीच नाही. त्या दुपारी एक वाजता आमच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटलेली नव्हती. घंटी वाजत होती. मी ती ऐकत होतो, आणि मी फोन उचलला नाही.

माझं गाव सौंसर तालुक्यात, बोरगावजवळ. घरी संत्र्याचा बगीचा. मनोहर पांढुर्ण्याचा, वडील शाळामास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे, मीही तेच म्हणायचो. मनोहर आणि मी भरती वेगवेगळ्या वर्षी झालो, पण पलटण एकच निघाली. मी हुद्द्यानं नायक होतो. तो सिग्नल प्लाटूनमध्ये लान्स नायक, काम लाइनमनचं. तार टाकायची, तुटली तर शोधून जोडायची. पलटणीत आमच्या बोलीची माणसं आम्ही दोघंच, त्यामुळे फावल्या वेळात एकत्र बसणं आलंच. आणि एकत्र बसणं म्हणजे सिगारेट.

ऐंशीच्या दशकातला तो हिवाळा. जानेवारीत दोघांना एकदमच सुट्टी मिळाली होती. परतायच्या दिवशी मी सौंसरहून बसनं पांढुर्ण्याला मनोहरच्या घरी आलो. त्याची मुलगी आठ महिन्यांची होती, तिची छाती सारखी वाजायची. एकाच खोलीत गुरुजींची बिडी आणि मनोहरची सिगारेट. मी पोचलो तेव्हा सुमनवहिनी पिशवी भरत होत्या.

"बाप-लेक मिळून करा धूर," त्या म्हणाल्या. "पोरीले घेऊन माहेरी चालली मी."

गुरुजींनी हातातली बिडी मोरीत विझवली. "आजपासून तिघंही बंद," ते म्हणाले.

"तिघं कोणते, बाबा?" मनोहर म्हणाला.

"तू, मी अन् हा नारायण. याच्या सोबतीनंच तं ओढून राहिला तू."

मी हो म्हणालो. वहिनींनी पिशवी पुन्हा रिकामी केली. तो हो मी त्यांच्यासमोर म्हणालो होतो, हे पुढे लक्षात ठेवावं.

संध्याकाळच्या गाडीनं निघालो. पांढुर्ण्याच्या पुढे तिगावला गाडी थांबते, कारण तिथून घाट लागतो आणि मागून आणखी एक इंजिन जोडावं लागतं. तेवढ्यात अर्धी गाडी बिडी ओढायला खाली उतरते. आम्हीही उतरलो. दोघांनी पाकिटं रुळावर फेकली. मग मनोहरनं हात पुढं केला.

"काडेपेटी दे तुही."

"काऊन?"

"तुही माह्यापाशी, माही तुह्यापाशी. ज्याले ओढायची असन त्यानं दुसऱ्याले येऊन मागायची. तोंडानं मागायची."

"अन् तू नाही दिली तं?"

"तं शिव्या खा अन् वापस जा." मागच्या इंजिनाचा धक्का बसला तसा त्यानं डब्याचा दांडा पकडला. "हे पाय, हे मागून लागल्याशिवाय घाट चढत नाही गाडी. तू माह्या मागं लाग, मी तुह्या मागं लागतो."

फेब्रुवारीत पलटण उंचावर गेली. मला सहा माणसांची पुढची पोस्ट मिळाली. मनोहर खालच्या पोस्टवर, सुभेदार साहेबांजवळ. मधे दोन किलोमीटर तार, एका नाल्याच्या काठानं गेलेली. वायरलेस सेट होता, पण बॅटरी वाचवायची म्हणून तो ०८००, १४०० आणि २००० वाजताच उघडायचा. एरवी सगळा भार टेलिफोनवर.

जेवणानंतरची तलफ सर्वांत वाईट असते. म्हणून रोज एक वाजता मनोहर खालून घंटी फिरवायचा. मी बाराशे ते चौदाशेची फोन ड्युटी मागून घेतली होती, कारण तेवढंच. पहिल्या घंटीला उचलायचो. माझ्या आईनं संत्र्याच्या साली मीठ लावून वाळवून दिल्या होत्या, त्या आम्ही वाटून घेतल्या होत्या. फोनवर दोघंही साल चघळायचो आणि दहा मिनिटं काहीही बोलायचो.

"काय करून राहिला बे?"

"बसून राहिलो. तू?"

"मी बी बसूनच राहिलो. आज कितवा दिवस?"

"तिसावा."

"बाबाचं कार्ड आलं. लिहिते, मास्तर लोक खडू देऊन राहिले तोंडात धराले."

गुरुजी दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकत. एकाच कार्डावर दोघांना. स्वतःचा दिवस कितवा ते वर कोपऱ्यात लिहीत.

त्या उंचीवर रेशनमध्ये सिगारेटी येत. आमचा वाटा आम्ही इतरांना देऊन टाकायचो. मनोहरनं सगळा दिला. मी एक पाकीट ठेवून घेतलं, जादाच्या मोज्यात. ओढणार नव्हतो. फक्त आहे एवढं माहीत असावं म्हणून ठेवलं होतं. पोस्टवर माझ्याखेरीज पाच माणसं होती, पण ती झोपत तेव्हा मी जागा असे आणि मी झोपे तेव्हा ती जागी असत. दिवसभर पांढरं, आणि आवाज फक्त आपल्याच श्वासाचा. चाळिसाव्या दिवशी मी पहिली ओढली. काडी स्टोव्हजवळची घेतली. एक वाजता फोनवर मनोहर म्हणाला, "चाळीस झाले, लेका!" मी म्हणालो, "हो न." त्यानंतर रोज एक.

सत्तेचाळिसावा दिवस. मार्च होता. तीन दिवस बर्फ पडून सकाळी ऊन निघालं होतं. अशा वेळी उतार सैल होतो. स्टँडिंग ऑर्डर होती : सकाळी दहानंतर नाल्यात हालचाल नाही.

बाकीचे पाच जण आत बंकरमध्ये आडवे झाले होते. एकला पाच मिनिटं कमी असताना मी बाहेर दगडाआड गेलो. रोज साडेबाराला उरकायचो, त्या दिवशी जेवण उशिरा झालं. पेटवली, चार झुरके घेतले आणि घंटी वाजली. बरोबर १३०० वाजता. अर्धी सिगारेट उरली होती. तिथून फोन दहा पावलांवर होता.

फोनवर वास जात नाही. पण मनोहर आवाज ओळखायचा. मी म्हटलं, ही संपवतो, तोंड धुतो, मग सांगतो की बर्फ वितळवायला गेलो होतो. घंटी थांबली. पुन्हा वाजली. पुन्हा थांबली. मी शेवटपर्यंत ओढली. तोंडात बर्फ फिरवला. साल चघळली. आत येऊन हँडल फिरवलं तेव्हा १३१० झाले होते.

खालच्या ऑपरेटरनं उचललं. "आपकी लाइन तो ठीक है? मनोहर निकल गया।"

"निकल गया मतलब?"

"लाइन चेक करने।"

नंतर कळलं ते असं. सुभेदार साहेब त्याला म्हणाले होते, थांब, चौदाशेला सेट उघडेल. मनोहर म्हणाला, "साहब, एक बजे वो पहली घंटी पे उठाता है। आज तक चूका नहीं।" दुसऱ्या कोणाचा फोन लागला नसता तर कोणी जागचं हललं नसतं. साहेबांनी त्याला एक जवान दिला आणि हुकूम दिला : पहिल्या मोडीपर्यंत, म्हणजे जिथवर उताराचा धोका नाही त्या वळणापर्यंत, जायचं, तिथे टेस्ट करायची आणि वापस.

मोडीपर्यंत तो सुखरूप पोचला. लाइनमनकडे टेस्टचा फोन असतो, तो त्यानं तारेला जोडला. माझी घंटी वाजली. या वेळी मी लगेच फोन उचलला.

"लाइन तं चांगली आहे बे. कुठं होता?"

"बर्फ आणाले गेलो होतो."

"मी समजलो मेला." तो धापा टाकत हसत होता. मग थांबला. "आवाज काऊन असा येऊन राहिला तुहा?"

"कसा?"

"ओढली का?"

"नाही."

"खरं सांग."

"आईची शपथ, नाही."

मग तो म्हणाला, "म्हणजे तलफेनं जीव लय चालला आहे तुहा. थांब. वीस मिनिटांचा रस्ता आहे, येतो मी."

"नको येऊ. ऑर्डर आहे."

"मनात काही तरी आहे तुह्या. माह्यापाशी दोन साली उरल्या आहे, घेऊन येतो. मागचं इंजिन आहो न मी."

मी "नको" एकदाच म्हणालो. ओढली असं म्हटलं असतं तर त्यानं एक शिवी दिली असती आणि मागे वळला असता. मी ओढली नाही म्हणालो, म्हणून तो आला. मला वाचवायला आला.

सोबतच्या जवानाला त्यानं मोडीवरच थांबवलं. १३२५ ला आवाज झाला. तोफेसारखा नाही. जड गाठोडं ओढत नेल्यासारखा. मी बाहेर आलो तेव्हा नाल्याची डावी बाजू बदललेली होती. मधे कोणी नव्हतं.

१६४० ला तो बर्फाखाली सापडला. सर्चमध्ये मीही होतो. त्याच्या आतल्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माझी काडेपेटी होती आणि कागदात दोन साली. काडेपेटी तिगावला दिली तशीच भरलेली होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, लाइन कधी बंद होती? मी सांगितलं, १३०० ते १३१०. मग आपोआप सुरू झाली, वाऱ्यानं तार हलली असेल. मोडीवरचा जवान म्हणाला, तो बोलला की नारायणला माझी गरज आहे. मला विचारलं, का? मी सांगितलं, श्वासाचा त्रास होत होता. ते लिहून घेतलं गेलं. आजारी साथीदारासाठी आणि लाइनसाठी त्यानं जीव दिला, असं पत्र घरी गेलं. गुरुजींनी ते फ्रेम करून लावलं.

मे महिन्यात मी पांढुर्ण्याला गेलो. गुरुजी आणि मी पडवीत जेवलो. जेवण झालं, एक वाजला. गुरुजींनी डबीतून साल काढली, एक मला दिली.

"तू तं नाही न ओढत?"

"नाही, गुरुजी."

"मी बी नाही. त्यानं शेवटपर्यंत पाळली. आता आपण दोघंच राहिलो."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही होते तिथं म्हणून मले तेवढा धीर आहे. ते एकटे नव्हते." पोरगी त्यांच्या पायाशी उभी राहायला शिकत होती. तिची छाती आता वाजत नव्हती.

घरातून निघालो आणि बसस्टँडच्या मागे जाऊन मी सिगारेट पेटवली.

हे पुढे बारा वर्षं चाललं. दर सुट्टीत जायचो. पडवी, साल, तोच प्रश्न, तेच उत्तर. जायच्या आधी सौंसरला एक ओढायची, आल्यावर एक. गुरुजी मला आपल्या सोबतीचा समजत होते, आणि मी त्यांच्याशेजारी बसून एकटा होतो. ते गेले ती तार मला पेन्शनवर आल्यानंतर मिळाली. त्यांना खांदा देऊन आलो आणि त्या दिवसापासून माझी सुटली. मागं कोणी नव्हतं. सुटली त्यात माझी काही बहादुरी नाही. विचारणारं माणूस राहिलं नाही, एवढंच.

माजी सैनिकांच्या या पुस्तकासाठी माझ्याकडून शौर्याची आठवण मागितली होती. माझ्याकडे आहे ती ही. शौर्य त्यात आहे, पण ते माझं नाही. लान्स नायक मनोहर, राहणार पांढुर्णा, सिग्नल प्लाटून, उत्तम लाइनमन. सत्तेचाळीस दिवस त्यानं सिगारेटीला हात लावला नाही, आणि शेवटची काही मिनिटं तो दुसऱ्याची सोडवायला चालत होता.

सुमनवहिनी अजून त्याच घरात आहेत. मनोहरची काडेपेटी माझ्या ट्रंकेत आहे. हे छापून त्यांच्या हातात पडण्याआधी मला ती परत नेऊन द्यायची आहे, आणि देताना तोंडानं सांगायचं आहे की लाइन चालू होती. तेवढं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.