आक्कांची पालथी बादली

हे आत्ताच सांगते, नाहीतर संध्याकाळपर्यंत माझं मलाच खोटं वाटायला लागेल. हाताला अजून खताचा वास आहे, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

टक, टक, टक. आमच्या कॉलनीच्या मागं बाग आहे, बागेत खताचा हौद. त्याच्या पत्र्याच्या झाकणावर बाग सांभाळणाऱ्या आक्का रोज सकाळी बोटांनी तीनदा वाजवायच्या आणि विचारायच्या, "उघडू का बाई?" मग थांबायच्या. खरंच थांबायच्या, कान देऊन. एखाद्या दिवशी मान हलवून माघारी वळायच्या. "आज नगं म्हणत्या."

आम्ही हसायचो. एकदा शेजारचे काका, बँकेतनं रिटायर झालेले, आवाज म्हणजे लाउडस्पीकर, म्हणाले, "माती कवा बोलती व्हय?" आणि उचललं झाकण. आतनं ही लांब धामण निघाली आणि त्यांच्या चपलेवरनं सळसळत गेली. काका जे पळाले ते थेट गेटपाशी थांबले.

"सांगितलंतं की सायेब," आक्का म्हणाल्या. हसल्यासुद्धा नाहीत.

तर बाग अशी. एकोणीस घरं, एकोणीस बादल्या, प्रत्येकीवर घराचं नाव रंगवलेलं. ओला कचरा सकाळी नेऊन ठेवायचा. आक्का तो हौदात टाकणार, वर कागलहून आणलेलं उसाचं पाचट पसरणार. त्या खतावर वांगी, घेवडा, पपया. बादली धुऊन पालथी घालायचं कामही त्यांचंच, कुणाला करू द्यायच्या नाहीत.

त्या मूळच्या हुपरीच्या, कॉलनीतल्याच एका खोलीत एकट्या राहायच्या. उभा जन्म आगीशी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडलेल्या. बोटांना चटका कळायचाच नाही. हौद तापला की आम्ही हात लावून झटक्यात मागं घ्यायचो. त्या कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून उभ्या राहायच्या. कुणाचं तरी अंग तापलंय का बघतात ना, तशा.

आणि बादल्या वाचायच्या! झाकण उघडलं की घरातलं सगळं बाहेर. "सायेब, शुगर हाय न्हवं तुमाला? मग ह्या चार कोया काय मांजरानं चोखल्या?" काका लाल. एका घरात डाळिंबाची सालं वाढली तर "पोरगी आजारी हाय का गं?" आणि ती असायची.

माझीही वाचली. गेल्या वर्षी परीक्षेच्या यादीत तिसऱ्यांदा माझं नाव नव्हतं. आई कामाला गेली की मी तिनं झाकून ठेवलेलं जेवण गुपचूप बादलीत टाकायचे. तिसऱ्या दिवशी आक्का दारात.

"मातीचं प्वाट भरलंय. तुझं सांग."

मी रडायला लागले. त्यांनी आत येऊन ताट वाढलं. समोर बसून अर्धी भाकरी खायला लावली, ताट धुतलं आणि गेल्या.

आता जे सांगते ते मला लिहवत नाहीये. आक्कांच्या स्वतःच्या बादलीत काय असायचं? चहाचा चोथा. नुसता चहाचा चोथा, आठवडेच्या आठवडे. मी बघितलं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं. एकट्या बाईचा कचरा तो किती असणार, असं धरून चाललो. दोन दिवस त्यांची खोली उघडली नाही म्हणून दार तोडलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बऱ्याच दिवसांत पोटात अन्न गेलेलं नाही. चौथ्या दिवशी आक्का गेल्या.

त्यांची बादली मी धुऊन पेरूच्या बुंध्याशी पालथी घातली. हौदातलं खत कुणी खालीवर करेना. चार महिन्यांत तो गार पडला.

आणि आज सकाळी पत्र्याच्या कडेनं वाफ निघत होती.

आक्कांची बादली हौदापाशी होती. सुलटी. आत तीन आख्ख्या भाकऱ्या. मी न विचारता झाकण उचललं. ढिगाच्या मधोमध कोपराएवढं खोल भोक, कुणी आत्ताच हात काढून घेतल्यासारखं. मी हात घातला. गरम.

मी झाकण टाकलं. पळणारच होते, पण भाकऱ्यांकडं लक्ष गेलं. जाड, वाकड्या, एका बाजूला करपलेल्या. ज्याला येत नाहीत त्यानं थापलेल्या. शेजारच्या काकू, काकांची बायको, मागच्या महिन्यात वारल्या. तेरा दिवस सगळ्यांनी डबे दिले. चौदाव्या दिवशी जो तो आपापल्या कामाला.

मी काकांचं दार वाजवलं.

"जेवलाय का काका?"

तो लाउडस्पीकर आवाज गेलाच होता. "तुला कुणी सांगितलं?"

"तीन भाकऱ्या. आक्कांच्या बादलीत."

"आक्कांच्या?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "म्या माझ्याच बादलीत टाकल्या की गं. घशाखाली उतरंनात. कुणाला दिसू नयेत म्हणून वर पाचट बी लोटलं."

आम्ही जाऊन बघितलं. काकांची बादली ओली होती. धुऊन, पालथी घातलेली.

दोघंही हौदापुढं उभे. काकांनी हात पुढं केला आणि पत्र्यावर वाजवलं. टक, टक, टक.

"उघडू का बाई?"

थांबलो. वारा नाही, पाखरू नाही. बऱ्याच वेळानं काकांनी मान हलवली आणि माझ्या खांद्याला धरून मागं वळवलं.

"आज नगं म्हणत्या."

आत्ता ते आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेत, आईनं पिठलं टाकलंय, दुसरी भाकरी चालू आहे. मी दारात बसून हे टाइप करतेय आणि इथनं मला बाग दिसते. वाफ अजून निघतेय.

खरं सांगा, तुमच्याकडं असं कधी झालंय? गेलेलं माणूस अजून तुमच्या बादल्या उघडून बघतंय, असं?